सेल्फ ‘टक्’ म्हणून गप्प बसला तर : मोटरबोटीची बॅटरी आणि वायरिंग कशी तपासायची

किल्ली फिरवली, ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि मोटर गप्प. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाच्या बॅकवॉटरवर बोट चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला ही सकाळ कधी ना कधी येतेच. जाळी पाण्यात असतात, मासोळी न्यायला गाडीवाला काठावर उभा असतो, आणि चौघे चार सल्ले देतात. त्यातला पहिला सल्ला ठरलेला: “बॅटरी गेली भाऊ, नवी टाका.”

मी पहिल्या वर्षी दोन बॅटऱ्या टाकल्या. दुसरीही महिनाभरात तसंच करायला लागली. शेवटी एका म्हाताऱ्या काकाजींनी, जे आयुष्यभर ट्रॅक्टरच दुरुस्त करत आले, काळी टेप सोलून दाखवली. निगेटिव्ह वायरच्या मोटरीकडच्या टोकाचं थिंबल (बोल्टला बसणारं धातूचं टोक) आतून हिरवं पडलं होतं, वायरच्या दहा-बारा तारांवर सगळा कारभार चालू होता. नवं थिंबल चाळीस रुपयांचं. दोन्ही बॅटऱ्या चांगल्याच होत्या.

आपल्याकडे डोंगा बांबूनं रेटणारे आणि वल्हं मारणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या होते. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या धरणानं वैनगंगेचं पात्र पसरवलं आणि वाऱ्यात ते पार करायला मोटर लागायला लागली. मोटर आली, पण तिची वीज कशी चालते हे शिकवायला कोणी आलं नाही. हा लेख २५ ते ४० हॉर्सपॉवरच्या, सेल्फ (किल्लीवर मोटर फिरवणारा विजेचा स्टार्टर) असलेल्या, बोटीच्या मागे लावायच्या मोटरीसाठी आहे. सगळी वीज १२ व्होल्टची.

वीज जाते कशी, हे आधी दोन ओळींत. बॅटरीतून जाड वायर सोलेनॉइडला आणि तिथून सेल्फला जाते. बारीक वायर फ्यूजमधून किल्लीला, तिथून न्यूट्रलच्या स्विचमधून सोलेनॉइडला. किल्ली फिरवली की बारीक वायर सोलेनॉइडला हुकूम देते आणि तो जाड वायरीचा दरवाजा उघडतो. मोटर चालू झाली की फ्लायव्हील म्हणजे मोटरीच्या माथ्यावरचं जड चाक, त्याखालच्या कॉइलची वीज रेक्टिफायरमधून (उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारा भाग) येऊन बॅटरी भरते. कार्ब्युरेटरवाल्या बहुतेक मोटरींत प्लगची ठिणगी स्वतःच्या वेगळ्या कॉइलवर पडते, बॅटरीवर नाही. म्हणून बॅटरी मेली तरी दोर ओढून त्या चालतात. फ्यूएल इंजेक्शनवाल्या मोठ्या मोटरींचं तसं नसतं, त्यांच्या पंपाला आणि कॉम्प्युटरला वीज लागते.

काय जवळ ठेवायचं

बोटीत एक झाकणाचा डबा ठेवा. त्यात:

- साधा डिजिटल मल्टीमीटर, तीन-चारशे रुपयांचा चालतो
- १० आणि १३ नंबरचे पाने, पक्कड, पेचकस
- तारेचा ब्रश आणि पॉलिश कागद
- तुमच्या मोटरीच्या मापाचे फ्यूज, निदान चार
- मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्टचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी जोडून
- दोन जादा थिंबल, व्हॅसलिनची डबी
- किल स्विचची (मोटर झटक्यात बंद करणाऱ्या स्विचची) जादा दोरी
- सेल्फ बंद पडला तर मोटर हातानं सुरू करायचा दोर

घरी ठेवायचं: बॅटरीचं बिल आणि तारीख टाकलेलं वॉरंटी कार्ड, मोटरीचं पुस्तक (त्यात वायरिंगचा नकाशा असतो), आणि मोटरीवरच्या पट्टीवरचा मॉडेल व सिरियल नंबर यांचा मोबाईलवर फोटो. पार्ट भंडाऱ्यात सहसा मिळत नाही, नागपूरला नाहीतर थेट मुंबईहून मागवावा लागतो. नंबर चुकला तर आठवडा वाया.

## १. आधी काठाला लागा

बोट पाण्यात मोकळी तरंगत असताना वायरी खोलू नका. काठ गाठता येत नसेल तर नांगर टाका, नाहीतर बुडालेल्या झाडाच्या खुंटाला बोट बांधा. बॅकवॉटरमध्ये खुंटांची काय कमी आहे! लाइफ जॅकेट अंगात ठेवा. हुड, म्हणजे मोटरीवरचं झाकण, काढा आणि पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल तर पाच मिनिटं हवा जाऊ द्या, तोवर वायरीला हात नको. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो आणि पेट्रोलची वाफ दोन्ही एका ठिणगीची वाट पाहत असतात. बिडी पेटवणाऱ्याला काठावर पाठवा.

हातातलं कडं, अंगठी काढून ठेवा. कडं दोन टर्मिनलच्या मध्ये अडकलं तर मनगट भाजतं.

बॅटरीची वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. हा क्रम रोज पाळा म्हणजे अंधारातही चुकत नाही.

## २. फुकटच्या चार गोष्टी

पाना हातात घेण्याआधी हे बघा. अर्ध्या वेळा काम इथेच होतं आणि मग हसू येतं.

गिअर खरोखर न्यूट्रलमध्ये आहे का? कांडी न्यूट्रलवर दिसते, पण केबल ढिली झाल्यावर आतला स्विच दाबला जात नाही. कांडी थोडी मागेपुढे हलवत किल्ली मारा.

किल स्विचची लाल दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे का? बहुतेक मोटरींत क्लिप निघाली असली तरी सेल्फ फिरतो, पण मोटर पेटत नाही. काहींत सेल्फही फिरत नाही. मी एकदा पाऊण तास प्लग काढून बघत बसलो आणि क्लिप माझ्या पायाखाली होती.

बॅटरीचा मेन स्विच असेल तर तो चालू आहे का? आणि मेन फ्यूज? तो हुडखाली असतो, बहुतेक मोटरींत २० किंवा ३० अँपिअरचा, नंबर त्यावरच लिहिलेला असतो. फ्यूज डोळ्यांनी चांगला दिसला तरी मीटरनं बघा, आतली तार केसाएवढी तुटलेली दिसत नाही.

उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी लावू नका. फ्यूज पुन्हा उडत असेल तर कुठेतरी वायर घासून शॉर्ट होते आहे. ती सापडेपर्यंत दहा फ्यूज गेले तरी चालतील, पण पन्नी लावली तर वायरिंग जळेल, आणि बाजूलाच पेट्रोलची टाकी आहे.

## ३. आवाज ऐका

किल्ली फिरवताना एकाचा कान हुडजवळ असू द्या.

काहीच आवाज नाही: हुकूमच पोहोचला नाही. फ्यूज, किल्ली, न्यूट्रल स्विच किंवा बारीक वायर. बॅटरी अगदी मेलेली असली तरी असंच होतं, म्हणून आधी दिवा किंवा हॉर्न लागतो का बघा.

टक-टक-टक-टक, भराभर: बॅटरी उतरली आहे, नाहीतर टर्मिनल ढिलं आहे. सोलेनॉइड ओढला जातो, व्होल्टेज पडतं, सुटतो, पुन्हा ओढला जातो.

एकच दमदार ‘टक्’: हुकूम पोहोचला, पण जाड वायरीतून ताकद आली नाही. जोड, सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट, सेल्फचे कार्बन किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी.

सेल्फ कण्हत, हळूहळू फिरतो: बॅटरी किंवा जोड. क्वचित प्रोपेलरला तुटलेल्या जाळ्याची तार गुंडाळलेली असते. मोटर न्यूट्रलमध्ये असेल तर तिचा त्रास होऊ नये, पण बघून घ्या.

किल्ली सोडली तरी सेल्फ फिरतच राहिला: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट आत चिकटले. लगेच मेन स्विच बंद करा. नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा.

सेल्फ एका दमात पाच-दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये दोन मिनिटं थांबा. तापलेला सेल्फ जळून गेला तर सगळ्यात महागाचं काम तेच.

## ४. बॅटरी मोजा, अंदाज नको

मीटर डी.सी. २० व्होल्टवर ठेवा. बोट चालवून आल्या आल्या मोजू नका. चार्जिंगनंतर बॅटरी काही तास फुगलेला आकडा दाखवते. रात्रभर शांत ठेवलेल्या बॅटरीचा सकाळचा आकडा खरा.

१२.६ च्या वर असेल तर भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली गेली तर ती चार्जिंगला पाठवायची, ‘चालवून बघू’ म्हणायचं नाही. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक होतो आणि नंतर ती भरतच नाही.

पण नुसता आकडा फसवतो. एक सेल कमजोर झालेली बॅटरीही १२.५ दाखवू शकते. म्हणून मीटर बॅटरीच्या खांबांवरच (टर्मिनलवर) धरा, वायरीच्या क्लॅम्पवर नाही, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ९.५ च्या खाली कोसळली तर बॅटरी कमजोर आहे. १० च्या वर राहूनही सेल्फ फिरत नसेल तर बॅटरी निर्दोष, दोष पुढे आहे. ही एक तपासणी मला कोणी आधी सांगितली असती तर माझे दोन बॅटऱ्यांचे पैसे वाचले असते.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं (ॲसिडचा दाटपणा मोजणारी काचेची नळी) सहाही सेल बघा. पाच सेल १.२५० दाखवतात आणि सहावा १.१८०, तर त्या एका सेलनं बॅटरी संपवली आहे. पाणी कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको. आपल्या भागातलं पाणी भांड्याला पांढरा थर धरतं, तेच प्लेटांवर होईल. ॲसिड तर कधीच घालू नका.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बोटीत टाकणारे दोघे मला माहीत आहेत. ती हळूहळू, तासन्‌तास वीज द्यायला बनवलेली असते. सेल्फला दोन सेकंदांत भरपूर वीज लागते. शिवाय ५०-६० किलोचं धूड मागच्या कोपऱ्यात ठेवलं की बोट एका बाजूला बसते. ट्रॅक्टरची बॅटरी त्या मानानं चालते, मी चालवली आहे. फक्त ती पट्ट्यानं घट्ट बांधा आणि पॉझिटिव्हवर रबरी टोपी घाला.

चार्जिंगला देताना दुकानदाराला ‘हळू’ सांगा. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीला ७ अँपिअर, म्हणजे दहा-बारा तास. संध्याकाळपर्यंत घेऊन जा असं म्हणणारा तिला जास्त करंट देऊन उकळतो. माझी एक अशी उकळलेली आली, अंगाला फुगलेली. दुकानदाराचं म्हणणं, ती आधीपासूनच तशी होती.

## ५. जोड: खरा चोर इथे बसतो

आपल्याकडे खारं पाणी नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. पण पाणी ते पाणीच. तांब्याच्या तारेत ते केशिकेसारखं चढतं, रबराखाली हातभर आत जातं आणि तार हिरवी-काळी करून टाकतं. वरून वायर नवी कोरी दिसते.

क्लॅम्प हातानं हलवून बघा. हलला तर काम सापडलं. बोटीच्या बॅटरीवर बरेचदा विंग नट असतात, जे बोटांनी आवळता येतात. ते काढून टाका. मोटरीच्या थरथरीनं ते सुटतात. साधा षटकोनी नट आणि स्प्रिंग वॉशर पान्यानं आवळा.

टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी आली असेल तर वायरी काढा, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा. फसफसणं थांबेपर्यंत. सेलची झाकणं बंद हवीत, सोडा आत जाऊ नये. वाळल्यावर तारेच्या ब्रशनं धातू चमकवा, घट्ट बसवा, आणि मग वरून व्हॅसलिन. आधी व्हॅसलिन लावून मग क्लॅम्प बसवू नका.

हे बॅटरीकडचं टोक झालं. ते सगळेच साफ करतात. मोटरीकडचं टोक कोणी बघत नाही, कारण त्यासाठी हुडखाली डोकं घालावं लागतं. तिथे निगेटिव्ह वायर मोटरीच्या बॉडीला एका बोल्टनं बसलेली असते. तो बोल्ट काढा, खालचा रंग-गंज पॉलिश कागदानं घासा, पुन्हा आवळा.

मीटरनं चोर कसा पकडायचा ते नीट वाचा. किल स्विचची क्लिप काढून ठेवा म्हणजे मोटर पेटणार नाही. (तुमच्या मोटरीत क्लिपशिवाय सेल्फ फिरत नसेल तर प्लगच्या टोप्या काढा आणि त्या बॉडीला टेकवून ठेवा. मोकळ्या सोडल्या तर ठिणगी आत मारते.) मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी मोटरीच्या उघड्या धातूवर. आता सेल्फ मारा. आकडा ०.३ व्होल्टच्या आत राहायला हवा. एक व्होल्ट दाखवला तर तेवढी वीज त्या वायरीत किंवा तिच्या जोडात मरते आहे. तसंच पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा बोल्ट: ०.५ च्या आत. जास्त आला तर एकेक जोड ओलांडत काडी पुढे न्या. आकडा जिथे उडी मारतो, तिथे चोर.

मीटर नसेल तर काकाजींची रीत: पाच सेकंद सेल्फ मारा आणि एकेक जोड बोटानं चाचपा. जो गरम लागेल तो खराब. वीज जिथे अडते तिथे तापते.

नवी थिंबल ठोकताना हातोडीनं चेपू नका. इलेक्ट्रिशियनकडून क्रिंप करून घ्या, वर गोंदवाली हीट श्रिंक नळी (तापवली की आवळते ती) बसवा. दोन वायरी पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणं घरातल्या पंख्याला ठीक आहे. बोटीत ती टेप पाणी बाहेर ठेवत नाही, आत धरून ठेवते.

## ६. सोलेनॉइड आणि किल्ली

जोड चांगले, बॅटरी चांगली, तरी ‘टक्’. आता सोलेनॉइड. बल्ब टेस्टरची एक वायर बॉडीला, दुसरी सोलेनॉइडच्या बॅटरीकडच्या जाड बोल्टला: बल्ब लागायलाच हवा. मग सेल्फकडच्या बोल्टला लावून किल्ली मारा. ‘टक्’ झालं आणि बल्ब लागला नाही, किंवा मिणमिणला, तर सोलेनॉइड गेला. झगझगीत लागला आणि सेल्फ फिरला नाही, तर सेल्फ उघडायचा, म्हणजे मिस्त्रीकडे.

‘टक्’सुद्धा होत नसेल तर बल्ब सोलेनॉइडच्या बारीक वायरीला लावा, किल्ली मारा. उजेड नाही म्हणजे दोष किल्ली, न्यूट्रल स्विच किंवा मधल्या सॉकेटमध्ये. ते सॉकेट ओढून काढा, आतल्या पिना बघा. बऱ्याचदा नुसतं काढून परत दाबलं की चालू होतं. पण चालू झालं म्हणून सोडून देऊ नका, पिना साफ करा.

सोलेनॉइडच्या दोन बोल्टांवर पेचकस आडवा टाकून सेल्फ फिरवायची मिस्त्री लोकांची युक्ती तुम्ही पाहिली असेल. तिच्यात न्यूट्रलचा स्विच बाजूला पडतो. गिअर लागलेला असेल तर बोट उडी मारते आणि माणूस पाण्यात. ठिणगीही पेट्रोलच्या नळीपासून वीतभर. ते करू नका.

## ७. चार्जिंग होतं का?

मोटर पाण्यात, मध्यम वेगात. (काठावर कोरडी कधीच चालवू नका, थंड करणाऱ्या पंपाचा रबरी पंखा जळून जातो.) बॅटरीवर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. सुरू करण्याआधीचाच आकडा राहिला किंवा उतरत गेला तर कॉइल किंवा रेक्टिफायरमध्ये दोष. १५ च्या वर गेला, बॅटरी गरम झाली, सडक्या अंड्यासारखा वास आला तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेला. मोटर बंद करा.

ट्रॅक्टरवाल्यांकडून आलेली एक चाचणी आहे: मोटर चालू ठेवून बॅटरीची वायर काढायची, बंद पडली तर चार्जिंग नाही. जुन्या डायनामोच्या काळातली गोष्ट. आपल्या मोटरीत असं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि रेक्टिफायरचे डायोड तिथेच संपतात. उलट्या वायरी क्षणभर लावल्या तरी हेच.

आणि एक दोष असा की काहीच बिघडलेलं नसतं. जाळी बघताना आपण दर पन्नास मीटरवर मोटर बंद करतो, मासोळी काढतो, पुन्हा सेल्फ मारतो. सकाळभरात तीस वेळा. मधल्या अंतरात मोटर जवळपास आयडलवर, म्हणजे अगदी मंद, जिथे चार्जिंग जवळपास नसतंच. वर दिवा, मोबाईल आणि फिश फाइंडर. अशी बॅटरी आठवड्यात उतरणारच. एक तर मधल्या वेळी दोरानं सुरू करा, नाहीतर परत येताना अर्धा तास वेगात या.

## ८. रात्रीतून उतरणारी बॅटरी

संध्याकाळी १२.६, सकाळी ११.९, आणि बोट कोणी वापरली नाही. सगळं बंद करा. निगेटिव्ह वायर काढा, मीटर १० अँपिअरवर लावून काढलेली वायर आणि खांब यांच्या मध्ये जोडा. आकडा जवळपास शून्य हवा. ०.५ किंवा १ अँपिअर दिसला तर काहीतरी चालू आहे. एकेक फ्यूज काढत जा, ज्यावर आकडा पडला तो धागा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

आमच्याकडे नेहमीचा गुन्हेगार पाणी उपसायचा पंप. त्याचा तरंगता स्विच शेवाळ, चिखल किंवा मासोळीच्या खवल्यांनी वर अडकतो आणि पंप कोरडा चालत राहतो.

## ९. पाण्यात अडकलात तर

दोरानं सुरू करा. हुड काढा, फ्लायव्हीलवरचं झाकण काढा, क्लिप लागलेली आणि गिअर न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करा, दोराची गाठ खाचेत अडकवून गुंडाळा. एकदा हळू ओढून दाब लागेपर्यंत आणा, मग जोरात. मागे कोणी बसलेलं नको, कोपर लागतं. गळ्यातला दुपट्टा आधी काढा. सुरू झाल्यावर फ्लायव्हील उघडं फिरत असतं आणि त्याला दुपट्टा, सदऱ्याची बाही, काहीच चालत नाही. चालू मोटरीवर झाकण परत बसवायला जाऊ नका.

दुसऱ्या बोटीतून वायर लावून सुरू करायचं तर पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्ह, निगेटिव्हचं शेवटचं टोक बॅटरीवर नाही तर मोटरीच्या बॉडीवर, बॅटरीपासून दूर.

## १०. उन्हाळा आणि पूर

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात बॅटरीतलं पाणी लवकर उडतं आणि पडल्या पडल्या उतरण्याचा वेगही वाढतो. तेव्हा दर पंधरा दिवसांनी पाणी बघा, बॅटरी सावलीच्या पेटीत ठेवा. सोलर पट्टीवर भरत असाल तर मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टची म्हणून विकलेली पट्टी भर उन्हात १८-२० व्होल्ट देते.

पावसाळ्यात बोट बांधून ठेवली की बॅटरी घरी आणा. चोरीची भीती आहेच, पण पाणी सांगून येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वरच्या मध्य प्रदेशातल्या धरणातून पाणी सुटलं आणि भंडाऱ्यात रातोरात घरांत शिरलं, तिथे काठावरच्या बोटींचं काय! घरी आणलेली बॅटरी महिन्यातून एकदा भरा.

## ११. मिस्त्रीकडे जाताना

‘चालू होत नाही’ एवढंच सांगू नका. आवाज कोणता, शांत बॅटरीचा आकडा किती, सेल्फ मारताना किती, चालू असताना किती, हे तीन आकडे कागदावर लिहून न्या. सेल्फचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केलात तर उत्तम. वायरी काढण्याआधी फोटो काढा, कारण रंग सगळे सारखेच दिसायला लागतात. आणि बदललेला पार्ट परत मागून घ्या, मिस्त्री नाराज झाला तरी. माझ्याकडे असे ‘खराब’ ठरवलेले दोन सोलेनॉइड आहेत. त्यातला एक घरी साफ करून लावून बघितला, चालला. तो आता बोटीतल्या डब्यात, जादा म्हणून.